राहुलाचा आरसा

नगरला बँकेच्या काउंटरवर खाते उघडण्यास आलेली मुलगी अर्जावर चिकटवलेला फोटो परत मागते. का? तर "यात मी काळी दिसते." घरी अशी मुले घटकेघटकेला आरशापुढे उभी राहतात आणि आपण नट्टापट्टा म्हणून त्यांच्यावर रागावतो. वस्तुतः ती बहुधा भीती असते.

मज्झिम निकायात राहुलास केलेले दोन उपदेश लागोपाठ येतात. पहिल्यात तथागत विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे राहुल सांगतो. तसेच प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना व केल्यावर पारखून पाहावे, असे भगवंत समजावतात. दुसऱ्या उपदेशाची अट्ठकथा तर आपल्याच घरातली वाटते. श्रावस्तीत पित्यामागून भिक्षेस निघालेल्या तरुण राहुलाच्या मनात स्वतःच्या देखणेपणाचा विचार आला. तथागतांनी तो ओळखला व रूप हे 'माझे' नव्हे, असे पाहण्यास शिकविले.

मग नीटनेटके राहूच नये काय? छे! डिसेंबर १९२७ मध्ये महाडला पू. बाबासाहेबांनीच भगिनींना स्वच्छ राहण्यास व लुगडे नेसण्याची जुनी, जात सांगणारी तऱ्हा सोडण्यास सांगितले. तो स्वाभिमान होता. १९७५ पासून विकले गेलेले 'फेअर अँड लव्हली' ही निराळीच गोष्ट. २०२० मध्ये कंपनीने त्यातील 'फेअर' शब्द काढला, घरातल्या बोलण्यातून तो अजून गेलेला नाही.

परंतु आरसा सुटतच नसेल, मूल कॉलेज वा लग्नकार्य टाळू लागले असेल, तर तो आजारही असू शकतो. इटलीतील डॉ. मोर्सेली यांनी १८९१ मध्येच त्याचे वर्णन केले आहे. "तू छान दिसतेस" असे शंभरदा सांगून घटकाभरच बरे वाटते. अशा मुलास मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. समुपदेशनाने आणि लागल्यास औषधाने गुण येतो.