चिनारची बाग

मुलांनो, बाग म्हटले की तुम्हांला फुले आठवतात ना? आज आपण फुले नसलेली बाग पाहू.

श्रीनगरला दल सरोवराच्या काठी निशात बाग आहे. नूरजहाँचा भाऊ आसफखान याने ती १६३३ साली तयार करवली. मागे डोंगर, समोर सरोवर आणि मधे पायऱ्यांसारखे उतरत आलेले टप्पे. ऑक्टोबर संपत आला की येथले चिनार रंग बदलू लागतात. तुम्ही उर्दूत जिला ‘खिजाँ’ म्हणता, ती ही पानगळ. शायरांना ती उदास वाटते. पण चिनारखाली उभे राहून पाहा! पंजासारखे पान आधी पिवळे, मग तांबूस, शेवटी विस्तवासारखे लाल होते. वाटांवर पानांचा थर साचतो. पाऊल टाकले की चुरचुर आवाज होतो.

काश्मिरी लोक ही पाने वाया घालवत नाहीत. ती झाडून गोळा करतात, पेटवतात आणि धुमसत असतानाच पाणी शिंपडून कोळसा करतात. तो कांगडीत भरतात. कांगडी म्हणजे काड्यांच्या विणीत बसवलेले निखाऱ्यांचे मातीचे भांडे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस कडाक्याची थंडी असते. तेव्हा फेरनच्या आत हीच कांगडी ऊब देते.

मग बर्फ पडते. वाटा, पायऱ्या, हिरवळ, सारे पांढरे! कोठे आवाज नाही. अशा वेळी चिनारची उघडी फांदी जवळून पाहा. जेथे पान होते, तेथेच बारीक कोंब दिसेल. तो आता आलेला नाही. पान हिरवे होते तेव्हापासून तो देठाच्या पोकळ बुडात झाकलेला होता.