वेग नंतर, आधी बंद पडू नका!

व्हिडिओत '२४ अवर्स ऑफ लेमन्स'बद्दल बोललो, त्याचं गणित इथे लिहून देतो.

अमेरिकेत २००६ पासून चालणारी ही हौशी लोकांची कार रेस. 'लेमन' म्हणजे खटारा गाडी. गाडीवरचा खर्च ५०० डॉलरच्या आत हवा. मात्र रोल केज, ब्रेक, टायर हा सुरक्षेचा खर्च त्यात धरत नाहीत. टीममधले ड्रायव्हर आळीपाळीने चालवतात. शनिवार-रविवार मिळून ज्यांचे लॅप जास्त, ते जिंकले.

आता वही काढा. समजा रेस १४ तासांची आणि एक लॅप २ मिनिटांचा. म्हणजे ४२० लॅप. तुमची गाडी दर लॅपला ३ सेकंद वेगवान आहे. दोन दिवसांत वाचली २१ मिनिटं, म्हणजे जेमतेम १० लॅप. आणि रेडिएटरचा पाइप फुटून ४० मिनिटं गेली तर? २० लॅप गेले! कमावलं त्याच्या दुप्पट गमावलं.

धंद्यातही हेच होतं. इडलीच्या गाडीला झगमगीत बोर्ड लावला, पण ग्राइंडरचा जादा बेल्ट घेतला नाही. बेल्ट तुटला की दुसऱ्या दिवशी पीठ नाही आणि रोजचं गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर.

म्हणून भांडवल लावताना दोन रकाने करा: 'धंदा चालू ठेवणारा खर्च' आणि 'धंदा वाढवणारा खर्च'. पहिला रकाना आधी भरा.

आजचा गृहपाठ: तुमचा धंदा एक दिवस बंद पाडतील अशा तीन गोष्टी लिहा. प्रत्येकीसमोर पर्यायी सोय आणि तिची किंमत लिहा.