वर्ग आणि वॉर्ड एकत्र आले तर



या तिमाहीच्या अभ्यासासाठी मी नर्सिंगच्या शिक्षणाचा विषय घेतला आहे. आपल्या पाड्यांवर डॉक्टर क्वचित येतो, येते ती सिस्टर. आदिवासी भागात 3000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा शासनाचा निकष आहे आणि तिथे प्रसूती, लस, ताप, सारे तिच्यावरच येते. ती कुठे आणि कशी शिकली, यावर एखाद्या बाळंतिणीचा जीव अवलंबून असतो.

पुष्कळ ठिकाणी शिकवणाऱ्या बाई वर्गात आणि वॉर्डातल्या सिस्टर वॉर्डात असतात. दोघींची गाठ पडत नाही. मुलगी परीक्षेसाठी एक पद्धत पाठ करते व कामासाठी दुसरी उचलते. काही रुग्णालयांत तर विद्यार्थिनी म्हणजे फुकटचे हात! फायली पोहोचवण्यातच तिची पाळी संपते.

वेल्लोरला हे वेगळ्या रीतीने केले गेले. डॉ. आयडा स्कडर यांनी 1909 मध्ये तिथे नर्सिंगची शाळा काढली. 1946 मध्ये पदवीचे शिक्षण सुरू झाले. तिथे नर्सिंगचे शिक्षण आणि रुग्णसेवा एकाच व्यवस्थेत गुंफलेली आहेत, शिकवणाऱ्या बाईंवर वॉर्डाचीही जबाबदारी असते. फळ्यावर लिहिलेले खाटेपाशी जमत नसेल, तर ते प्रथम त्यांनाच कळते.

वेल्लोरलाच शिकलेले डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केले. गावातल्या साध्या बायका, त्यातल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती, आठवड्याला शिकायला येत व पुन्हा गावी जात. गावात काय अडले, तोच पुढचा धडा. मला हे मोठ्या इमारतींपेक्षा मोलाचे वाटते.

आमच्या सातपुड्यात असे शिकणे फार लागते. मागे एक विद्यार्थिनी माझ्याबरोबर पाड्यावर आली होती. कमी वजनाचे बाळ पाहून तिने विचारले, "ताई, इथे वॉर्मर कुठे आहे?" वॉर्मर नव्हता, वीजही नव्हती. उपकेंद्राच्या सिस्टरने बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरायला लावून वरून लुगडे गुंडाळले. कांगारू पद्धत त्या मुलीने पुस्तकात वाचली होती, पण ती इथे वापरायची हे तिला ठाऊक नव्हते. सिकलसेलचेही तसेच. फिकट मूल दिसले की लोहाच्या गोळ्या देऊन भागत नाही. सांधे दुखतात का, घरात आणखी कोणाला आहे का, हे विचारून रक्त तपासायला पाठवावे लागते.

चांगल्या शोमरोन्याने जखमा बांधल्या आणि त्या माणसाला उतारशाळेत नेले. पुढची देखभाल उतारशाळेच्या मालकावर सोपवली, पैसे दिले, परत येईन असेही सांगितले. नर्सिंग शाळा आणि उपकेंद्र यांच्यात असाच करार हवा. विद्यार्थिनींचे आठवडे ठरलेले असावेत. उपकेंद्राच्या सिस्टरला शिक्षिकेचा मान आणि त्यासाठी वेगळा वेळ मिळावा, नाहीतर आधीच थकलेल्या बाईवर आणखी एक ओझे. शाळेच्या बाईंनीही पाड्यापर्यंत यावे, नुसती सही करायला नव्हे.

पावसाळ्यानंतर मुली पाड्यावर राहायला आल्या, तर दोघींना एक खोली लागेल. जवळ पाणी असावे, घरात वडीलधारी बाई असावी. अशी जागा ज्यांच्याकडे आहे त्यांनी आमच्या कार्यालयात कळवावे.