चपला घातल्या का?

साठीशांत झाली, शाल-श्रीफळ मिळालं, पाहुणे आपापल्या घरी गेले. आता तू आणि तुझं सिम, म्हणजे कॉम्प्युटरवरचं फ्लाइट सिम्युलेटर. सिम उडवणाऱ्या आमच्या कंपूतल्या माझ्याआधीच्या मंडळींनी मला ज्या गोष्टी कानात सांगितल्या, त्या आता तुला सांगतो. त्यात माझी भर थोडी आहे.

पहिलं काम चष्म्याचं. नेहमीच्या चष्म्यात वाचायचा नंबर खालच्या भागात असतो, कारण आपण वाचतो ते मान खाली घालून. खऱ्या कॉकपिटमध्ये छतावरही बटणं असतात, म्हणून वयस्क वैमानिकांसाठी वर आणि खाली दोन्हीकडे जवळचा नंबर असलेली काच बनवतात. आपलं छतही पडद्यावरच असतं, दोन-अडीच फुटांवर. तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून ने, आणि त्या अंतराचा एकच नंबर असलेला वेगळा चष्मा करून घे. तो चष्मा सिमपाशीच राहू दे. प्रोग्रेसिव्ह काचेतून तासभर हनुवटी वर करून बसलास तर मान धरेल, आणि दुखत्या मानेचा माणूस कुणाच्याही थट्टेला हसत नाही.

खुर्चीची चाकं काढून टाक. क्रॉसविंडमध्ये, म्हणजे आडव्या वाऱ्यात, रडरवर पाय दाबला की चाकांची खुर्ची मागे सरकते, पाय लांब होतो, गुडघा ताणला जातो. चाकं काढायची नसतील तर खुर्ची आणि पेडल यांना पट्ट्याने जखडून टाक. पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. मानेचा त्रास असेल तर डोकं हलवून बाजूला बघायची हौस सोड. जॉयस्टिकवरच्या, अंगठ्याखालच्या छोट्या बटणाने डावी-उजवीकडे पाहता येतं. चक्कर येत असेल तर कॅमेऱ्याचं हलकं डुलणं सेटिंगमध्ये जाऊन बंद कर.

आता कान. जुन्या पद्धतीच्या आयएलएस अप्रोचमध्ये, म्हणजे रेडिओ-संकेतांच्या आधाराने धावपट्टीकडे उतरताना, वाटेत तीन मार्कर लागतात. आउटर मार्करचा आवाज ४०० हर्ट्झचा, मिडलचा १३०० आणि इनरचा ३००० हर्ट्झचा. वय वाढतं तसे आपल्याला आधी उंच पट्टीचे आवाज सोडून जातात. इनरचा पांढरा दिवा लुकलुकतोय, पण त्याची टिपटिप ऐकू येत नाही, असं झालं तर स्पीकर मोठा करत बसू नकोस, कानाच्या डॉक्टरांकडे जा. आमच्यातल्या एकाला आपल्याला कमी ऐकू येतं हे असंच कळलं. बायको दोन वर्षं सांगत होती ते त्याने मानलं नव्हतं, मार्करने सांगितलेलं लगेच मानलं. त्याच्या घरी हा किस्सा आता वहिनीच सांगतात, आणि सगळ्यात मोठ्याने हसतो तो तोच, कानात यंत्र घालून.

कमी ऐकू येणाऱ्यासाठी रेडिओची भाषा फार दयाळू आहे. नाइनला ‘नायनर’ म्हणायचं ते फाइव्हशी गल्लत होऊ नये म्हणून. थ्रीला ‘ट्री’ म्हणतात. ऐकू आलं नाही तर ‘से अगेन’ म्हणायचं. घरात दुसऱ्यांदा विचारलं की समोरच्याच्या कपाळाला आठी पडते; रेडिओवर मात्र पुन्हा विचारणारा वैमानिक जबाबदार समजला जातो. व्हॅटसिम हे सिमवाल्यांचं ऑनलाइन जाळं २००१ पासून चालू आहे आणि तिथले एटीसी नियंत्रक हौशी आहेत, कुणी कॉलेजात असेल. त्या पोराला बिनदिक्कत ‘से अगेन’ म्हण. आवाजाचा फारच घोळ होत असेल तर फ्लाइट प्लॅनमध्ये फक्त लेखी संदेश घेईन असं नोंदवायची सोय आहे, ती वापर. एक मात्र सांभाळ. त्या मुलाने तुझी चूक काढली तर ‘तुझ्या जन्माच्या आधीपासून उडवतोय’ हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नकोस. त्याला ‘थँक यू सर’ म्हण आणि सांगेल त्या हेडिंगवर वळ. माझ्या पाहण्यात या एका वाक्याने जितकी म्हातारी माणसं एकटी पडली, तितकी गुडघेदुखीने पडली नाहीत.

विसरण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण साठीनंतर सगळ्यांना भीती त्याचीच. ३० ऑक्टोबर १९३५ला अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ उडालं आणि लगेच कोसळलं. यंत्र ठीक होतं. विमान जमिनीवर उभं असताना वाऱ्याने शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून गस्ट लॉक लावतात. ते काढायचं राहून गेलं होतं. चालवणारे मेजर प्लॉयर हिल लष्कराचे अनुभवी चाचणी-वैमानिक होते. त्या अपघातानंतर वैमानिकांच्या हातात चेकलिस्ट आली, आणि तेच विमान पुढे बी-१७ म्हणून हजारोंच्या संख्येने बनलं. चेकलिस्टचा जन्म असा आहे. ती विसराळू म्हाताऱ्यांसाठी केली नव्हती, उत्तमातल्या उत्तम वैमानिकासाठी केली होती. म्हणून मोठ्या अक्षरात छापून, पुठ्ठ्यावर चिकटवून ती समोर ठेवताना मनात लाज बाळगू नकोस.

आमच्या कंपूने त्या यादीत थोडी भर घातली आहे. मागे एकाने कोल्हापूरला चाकं खाली न सोडताच विमान टेकवलं. पोटावर खरडत ते धावपट्टीच्या मध्याला थांबलं. हेडसेटमध्ये क्षणभर कुणी बोलेना. मग एकजण म्हणाला, ‘अरे, चपला घालायच्या राहिल्या की!’ पहिला हसला तो विमानाचा कप्तान. तेव्हापासून हजार फुटांवर कुणीतरी विचारतंच, ‘चपला घातल्या का?’ आणि उत्तर द्यायचं, ‘घातल्या, तीन हिरवे.’ पॅनेलवरचे चाकांचे तीनही दिवे बघितल्याशिवाय हे उत्तर देता येत नाही. त्यानंतर आमच्यात कुणी पोटावर उतरलेलं नाही. विनोद असा असावा, की पुढच्या वेळी तो आधी आठवेल आणि हात आपोआप लिव्हरकडे जाईल.

उतरण्याला हसायचं. विमान तीनदा उसळलं तर ‘एका तिकिटात तीन लँडिंग’ म्हणायचं, मिनिटाला सहाशे फुटांच्या वेगाने आदळलं तर ‘दाताची कवळी शोधा’ म्हणायचं. पण हाताला हसायचं नाही, हा आमच्यातला न बोललेला नियम आहे, तो तुला बोलून दाखवतो. आमच्या एका मित्राचा उजवा हात आता थरथरतो. औषध चालू आहे. सुरुवातीला त्याने सिम बंद ठेवलं होतं, कारण जॉयस्टिक धरली की विमान नाक वर-खाली करायचं. आम्ही त्याच्या घरी जाऊन जॉयस्टिकच्या मधल्या भागात डेड झोन वाढवला, म्हणजे बारीक थरथर विमानापर्यंत पोहोचतच नाही, आणि सेन्सिटिव्हिटीची रेष मध्ये सपाट व टोकाला उभी केली. थ्रॉटल डाव्या हातातून उजव्या हातात आणि जॉयस्टिक डाव्या हातात, अशी अदलाबदल करून पाहिली. ती त्याला मानवली. त्या थरथरीला त्यानेच ‘टर्ब्युलन्स’ हे नाव दिलं. हवामान सांगावं तसं तो आम्हाला सांगतो, ‘आज मध्यम, तुरळक तीव्र.’ हे ऐकून आम्ही हसतो, कारण तो हसवतो. त्याच्याआधी आम्ही कुणी तो शब्द काढत नाही. तीव्र असेल त्या दिवशी एक विमान दोघांनी मिळून चालवायची सोय वापरतो: रेडिओ आणि वाट त्याच्याकडे, दांडी दुसऱ्याकडे. दुखण्यावरच्या विनोदाचा पहिला हक्क ज्याचं दुखणं त्याचा, हे पक्कं धर.

शरीराच्या बाकी मागण्या फ्लाइट प्लॅनमध्येच लिहून टाक. गोळ्यांची वेळ क्रूझमध्ये. मधुमेह असेल तर डबा टेबलावर, स्वयंपाकघरात नको. तासाला एकदा ऑटोपायलटवर सोपवून उठायचं आणि घरात दोन फेऱ्या मारायच्या. उतरायला कधी लागायचं त्याचं गणित तोंडी कर: उंचीच्या हजारांना तिनाने गुणायचं. तीस हजार फुटांवर असशील तर नव्वद सागरी मैल आधी. कॉम्प्युटर ते काढून देतो, तरी तोंडी कर, आकड्यांची सवय राहते. आणि त्या बिंदूच्या दहा मिनिटं आधी ‘लघुशंका, चेक’. आमच्या यादीत ही ओळ छापलेली आहे. अप्रोचमध्ये अडकून पडलेल्या माणसाची तगमग ज्याने एकदा हेडसेटमधून ऐकली, तो ती ओळ कधी गाळत नाही.

घरच्यांना चार शब्द शिकवून ठेव. ‘जेवायला या’ ही हाक नेमकी फायनलवर, म्हणजे धावपट्टी समोर आल्यावर, येते. आमच्या एका वहिनींना आता सगळं कळतं. पान वाढून झालं की त्या दारातून म्हणतात, ‘आमटी निवतेय, गो अराउंड करा आणि आधी जेवून घ्या.’ त्यांनी हाक मारली की तो खरंच गो अराउंड करतो, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जातो, पॉज दाबतो आणि उठतो. संसार आणि सिम दोन्ही टिकवायचे तर दुसरा मार्ग मला ठाऊक नाही.

हात मंदावले तर विमान बदल. सेस्ना १७२ साधारण ६५ नॉट्सने अप्रोचला येतं आणि विचार करायला वेळ देतं. प्रवासी विमानाच्या वैमानिकाला ६५व्या वर्षी उतरावं लागतं, तसा नियम आपल्याला नाही. म्हणून आज काय झेपेल ते आपणच रोज ठरवायचं. आमच्यात सहस्रचंद्रदर्शन झालेले एक काका आहेत. ते म्हणतात, ‘हजार चंद्र बघितले, पण नाइट लँडिंगला धावपट्टी अजून शोधावी लागते.’ म्हणून ते दुपारी उडतात. आम्हीही त्यांच्यासाठी दुपारची वेळ धरतो.

जुन्या गोष्टी सांगाव्यात, जरूर सांगाव्यात. मायक्रोसॉफ्टचं पहिलं फ्लाइट सिम्युलेटर १९८२चं. पुढे कितीतरी वर्षं त्यात डोळे उघडायचे ते शिकागोच्या मेग्ज फील्डवर, तळ्याकाठी. मार्च २००३च्या अखेरीस शिकागोच्या महापौरांनी एका रात्रीत बुलडोझर घालून ती धावपट्टी उखडली. आमच्यापैकी कुणी शिकागो पाहिलेलं नाही, तरी आपली शाळा पाडल्यासारखं वाटलं होतं. हाँगकाँगचा काय टाक विमानतळ १९९८मध्ये बंद झाला, तिथेही आम्ही अजून डोंगरावरचा चौकटींचा फलक बघून उजवीकडे वळतो. हे सगळं नव्या पोरांना ऐकायला आवडतं. दुसऱ्यांदा तितकंसं नाही. म्हणून आमच्यात खूण ठरली आहे: कुणी ऐकलेली गोष्ट पुन्हा सुरू केली की समोरचा नियंत्रकासारखा शांतपणे म्हणतो, ‘रीडबॅक करेक्ट’, म्हणजे परत सांगितलेलं बरोबर आहे. सांगणारा ओळखतो, हसतो आणि थेट शेवटावर येतो. ‘हे तू सांगितलं आहेस’ असं कुणाला तोंडावर म्हणू नये. साठीनंतर ते लागतं.

आणखी एक, मन घट्ट करून सांगतो. योक, पेडल, थ्रॉटल कुणाला द्यायचे ते लिहून ठेव, पासवर्डही घरात कुणाला तरी सांगून ठेव. आमचा एक जिवलग गेला तेव्हा त्याच्या मुलाला त्या वस्तू भंगार वाटत होत्या, आणि आम्हाला विचारायला धीर होईना. शेवटी वहिनींनीच फोन केला. तो योक आता एका अकरावीतल्या मुलीकडे आहे. त्याच्या वाढदिवशी आम्ही त्याची आवडती वाट उडतो आणि त्याने केलेल्या वाईटात वाईट लँडिंगच्या गोष्टी सांगतो. त्या दिवशी ‘रीडबॅक करेक्ट’ म्हणायचं नाही, सगळ्या पूर्ण ऐकायच्या.

येत्या १५ ऑक्टोबरला ये. १९३२ साली त्या तारखेला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ विमानाने अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. तीच वाट त्यांनी १९६२मध्ये पुन्हा उडवली आणि १९८२मध्ये तिसऱ्यांदा, वयाच्या ७८व्या वर्षी. दरवर्षी मिळेल त्या सावकाश विमानाने आम्ही तसेच जातो. अहमदाबादला चहा आणि गोळ्या. तू अहमदाबाद ते जुहू हा टप्पा घे. किनारा धरून खाली ये आणि डोळे उघडे ठेव, कारण जुहूच्या पूर्वेला जवळच सांताक्रूझचा मोठा विमानतळ आहे आणि दोन्हींच्या धावपट्ट्यांची दिशा जवळजवळ सारखी. १९५३ साली बीओएसी या ब्रिटिश विमानकंपनीचं कॉमेट आणि १९७२ साली जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूला उतरली होती, तेही प्रवासी घेऊन. आमच्यातले दोघे उलट चुकले, जुहू समजून सांताक्रूझला गेले. समुद्राजवळची, सव्वा किलोमीटरहूनही आखूड ती जुहूची. सांताक्रूझची तिच्या जवळजवळ तिप्पट. खात्री नसेल तर वर जा आणि एक फेरी मारून पुन्हा ये, कुणाला घाई नाही. सांताक्रूझला टेकलास तर मात्र पुढच्या रविवारचा चहा तुझ्या घरी, भज्यांसकट.