थकलेल्यांस देव काय देतो?
उत्तेजक पदार्थांविषयीं एक पाठ

पाठाचा उतारा : १ राजे १९ : १–८. सोबत वाचावें : स्तोत्र १२७ : १, २, मत्तय ११ : २८–३०, १ करिंथ ६ : १२, १९, २०.



कर्मेल डोंगरावर मोठा विजय पाहिलेला एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीनें भिऊन रानांत पळाला. एक दिवसाची वाट चालून तो रतामाच्या झुडपाखालीं बसला आणि आपणास मरण यावें अशी विनवणी करूं लागला. त्याचें शरीर थकलें होतें व मनही खचलें होतें. अशा सेवकास देवानें काय दिलें तें नीट पाहा. आरंभीं त्यास दोष दिला नाहीं कीं उपदेश केला नाहीं. त्यास झोप लागूं दिली. मग देवदूताच्या हातून भाजलेली भाकर व पाणी दिलें. तो पुन्हा निजला, आणि पुन्हा त्यास भाकर मिळाली. त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस व चाळीस रात्री चालून होरेबास पोंचला.

आपल्या गांवांतील थकलेला मनुष्य मात्र प्रथम काय शोधतो? कोणी चुना लावून तंबाखू मळतो, कोणी विडी पेटवितो, कोणी पोटांत कांहीं नसतां चहावर चहा घेतो, आणि पुष्कळ भगिनी मिश्री लावितात. ह्या पदार्थांपासून खरोखर बळ मिळतें काय, हें आज आपण पाहूं.

१. उत्तेजक म्हणजे काय?

ज्याच्या योगानें मेंदूस कांहीं वेळ तरतरी येते, हृदय जलद चालतें, आणि झोप व भूक दबून जातात, त्यास उत्तेजक पदार्थ म्हणतात. चहा व कॉफी ह्यांत कॅफीन असतें. तंबाखूंत निकोटीन असतें. सुपारींतही असेंच एक द्रव्य आहे. दारूनें अंगांत जोर येतो असें लोक समजतात, परंतु दारू उत्तेजक नव्हे. ती मेंदूचें काम मंद करिते. प्रथम विवेक व लाज निजतात, म्हणून मनुष्य धीट झाल्यासारखा दिसतो. मग त्याची जीभ व पाय अडखळतात.

२. शरीरांत काय घडतें?

आपण जागे असतों तों मेंदूंत ॲडेनोसिन नांवाचें द्रव्य सांठत जातें व तें थकव्याची वर्दी देतें. कॅफीन त्या द्रव्याची जागा अडवून बसतें. त्यामुळें वर्दी पोंचत नाहीं, परंतु थकवा जेथल्या तेथेंच राहतो. थकलेल्या बैलास पराणी टोंचली तर तो चार पावलें झपाट्यानें चालेल; पण पराणी म्हणजे वैरण नव्हे. कॅफीनचा अर्धा अंश सुमारे पांच तासांनंतरही शरीरांत उरतो, ह्यास्तव रात्रीं उशिरां घेतलेला चहा झोप चोरतो, आणि दुसऱ्या दिवशीं अधिक चहा मागतो.

तंबाखूची रीत ह्याहून कठोर आहे. चुन्याच्या योगानें तंबाखूंतील निकोटीन मोकळें होऊन तोंडाच्या नाजूक कातडींतून झपाट्यानें रक्तांत शिरतें. विडीच्या धुरानें तर तें कांहीं क्षणांतच मेंदूपर्यंत जातें. तेथें क्षणभर समाधान वाटतें. परंतु सुमारे दोन तासांत रक्तांतील निकोटीन अर्ध्यावर येतें, मन अस्वस्थ होतें, हात पुन्हा चंचीकडे जातो. मनुष्य म्हणतो, “तंबाखूनें माझें मन शांत होतें.” पण ती अशांतता बहुतेक तंबाखूनेंच आणिलेली असते. सावकार आपलेंच कर्ज फेडण्यास आपणच थोडी रक्कम पुन्हा कर्जाऊ देतो, आणि ऋणको त्याचे उपकार मानतो. तसा हा व्यवहार आहे.

३. त्याची किंमत

तंबाखूनें तोंडाचा, घशाचा व फुप्फुसांचा कर्करोग होतो. हृदयाचे व रक्तवाहिन्यांचे रोग वाढतात. सुपारीही निर्दोष नाहीं. सुपारी, मग तींत तंबाखू नसली तरी, कर्करोग उत्पन्न करिते असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केला. नित्य सुपारी खाणाऱ्या कित्येकांचें तोंड हळूहळू आखडत जातें, आणि शेवटीं घांस घेण्यापुरतेंही उघडत नाहीं.

मिश्री म्हणजे तव्यावर भाजून कुटलेली तंबाखूच होय. तिला दंतमंजन म्हटल्यानें तिचा गुण पालटत नाहीं. गर्भवती भगिनीनें ती लाविली तर निकोटीन बाळाच्या रक्तांतही जातें, आणि कमी वजनाचें मूल जन्मास येण्याचें भय वाढतें. २०१६–१७ सालच्या सरकारी पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं शंभरांत सुमारे २७ जण तंबाखू वापरीत असल्याचें आढळलें. त्यांतील बहुतेक ती ओढणारे नव्हते; तोंडांत धरणारे किंवा दांतांस लावणारे होते.

४. सर्वांस एकच माप लावूं नये

चहाचें पाप व तंबाखूचें पाप सारखेंच, असें कोणीं शिकवूं नये. दिवसांतून दोन कप चहानें सुदृढ मनुष्याचें नुकसान होत नाहीं. एवढेंच कीं, जेवणाबरोबर घेतलेल्या चहामुळें अन्नांतील लोह अंगीं कमी लागतें. ह्यास्तव रक्त कमी असलेल्या भगिनींनीं चहा व जेवण ह्यांत तास दोन तासांचें अंतर ठेवावें.

तंबाखूची वनस्पती मूळची अमेरिका खंडांतील. पवित्र शास्त्रांत तिचें नांव कोठेंही नाहीं. म्हणून जेथें आज्ञा नाहीं तेथें आपण नवी आज्ञा रचूं नये. परंतु पौलानें करिंथकरांस एक कसोटी दिली आहे : एखादी गोष्ट करण्याची मला मोकळीक असली, तरी तिनें माझ्यावर सत्ता चालवावी काय? आपलें शरीर पवित्र आत्म्याचें मंदिर आहे आणि तें मोल देऊन विकत घेतलेलें आहे. त्यावर दुसरा धनी नसावा. ज्यास पाहायचें असेल त्यानें तीन दिवस तो पदार्थ सोडून पाहावा. धनी कोण, तें त्यास कळेल.

५. मंडळीचें कर्तव्य

कांहीं वर्षांपूर्वीं मीं एका भगिनीस मिश्रीबद्दल सभेंत सर्वांदेखत बोल लाविला. ती दरवर्षीं ऊसतोडीस जाणारी होती. सभा सुटल्यावर ती मजकडे येऊन म्हणाली, “पाळकसाहेब, पहाटं कोयता घेऊन निघताना पोटात काय बी नसतं. मिश्री लावली की भूक मरती. मिश्री टाकते मी. पण भाकर कोण देणार?” मला उत्तर सुचलें नाहीं. घरीं जाऊन मीं एलीयाचा हा अध्याय पुन्हा वाचला, आणि देवदूतानें जें प्रथम केलें तें मीं केलेंच नव्हतें, हें मला उमगलें. दुसऱ्या दिवशीं मीं तिच्या घरीं जाऊन क्षमा मागितली.

उपदेशक बंधूंनो, थकलेल्याची पराणी काढून घेण्यापूर्वीं त्याच्या वैरणीची चौकशी करा. घरांत सकाळची भाकर आहे काय? बाळंतिणीस विसावा मिळतो काय? सोडणाऱ्यास सोबत द्या. पहिले तीन दिवस फार कठीण जातात. चिडचीड होते, डोकें दुखतें, झोप उडते. बहुतेक त्रास दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. त्या दिवसांत त्याच्या घरीं जाऊन प्रार्थना करा, आणि तो पुन्हा पडला तर टाकून बोलूं नका. तंबाखूच्या पुडीवर १८००–११–२३५६ हा क्रमांक छापलेला असतो. तेथें विनामूल्य सल्ला मिळतो. आणि ज्याच्या स्वतःच्या खिशांत चंची आहे त्यानें प्रथम ती रिकामी करावी.

मंडळींत विचारण्याचे प्रश्न

१. देवानें एलीयास प्रथम काय दिलें, आणि वाणी त्यानंतर कां ऐकविली?
२. पराणी व वैरण ह्यांत भेद काय? माझ्या घरांत पराणी कोणती?
३. आपल्या मंडळींत कोणाची भूक मिश्रीनें मारली जात आहे? ह्या आठवड्यांत आपण तिजसाठीं काय करूं?

प्रार्थना : हे प्रभू, कष्टी व भाराक्रांत जनांस तूं आपणाकडे बोलावितोस. आमच्या थकव्यास खरा विसावा दे. आमच्यावर दुसऱ्या कोणाची सत्ता राहूं देऊं नको. आणि आमच्या हातून थकलेल्यांस भाकर मिळो. आमेन.