मताधिक्य, बहुमत आणि पसंतीक्रम : निवडणुकीच्या परिभाषेतील काही संज्ञा



परिभाषेतील संज्ञा आणि रोजच्या व्यवहारातील शब्द यांचे रूप पुष्कळदा एकच असते. अर्थाची व्याप्ती मात्र भिन्न असते. निवडणुकीच्या शब्दसंग्रहात हे विशेषत्वाने जाणवते.

प्रथम 'मत' हा शब्द पाहू. संस्कृत 'मन्' या धातूपासून तो सिद्ध झाला आहे. मराठीत 'मत मांडणे' म्हणजे अभिप्राय व्यक्त करणे आणि 'मत देणे' म्हणजे बहुधा निवडणुकीतील हक्क बजावणे. ('आपले मत द्या' हे वाक्य संदर्भाशिवाय संदिग्धच राहते.) 'मतदाता' आणि 'मतदार' हे आपण समानार्थी मानतो, परंतु त्यांची घडण वेगळी आहे. 'मतदाता' म्हणजे मत देणारा. 'मतदार' या शब्दात संस्कृत 'मत' आणि फारसी '-दार' हा प्रत्यय एकत्र आले आहेत. 'जमीनदार', 'दुकानदार' यांप्रमाणे तो मत बाळगणारा, मताचा धनी. हा भेद ध्यानात ठेवावा; पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आता ज्या दोन संज्ञांची सर्वाधिक गल्लत होते, त्यांकडे वळू. विजयी उमेदवाराला निकटच्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा जितकी मते अधिक मिळाली, ते त्याचे 'मताधिक्य'. 'बहुमत' म्हणजे निम्म्याहून अधिक. महाराष्ट्र विधानसभेत २८८ जागा आहेत, म्हणून तेथे बहुमतासाठी किमान १४५ सदस्य लागतात. लोकसभेच्या किंवा विधानसभेच्या मतदारसंघात निवडून येण्यासाठी मात्र बहुमताची अट नाही. इतर प्रत्येक उमेदवारापेक्षा अधिक मते मिळाली म्हणजे पुरे. तेव्हा 'अमुक उमेदवार प्रचंड बहुमताने विजयी' हा वृत्तपत्रांना अतिशय प्रिय असलेला मथळा बहुतेक वेळा 'प्रचंड मताधिक्याने' असा हवा असतो. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाला ५४३ पैकी २८२ जागा मिळाल्या आणि मते मिळाली सुमारे ३१ टक्के. हे बहुमत जागांचे होते, मतांचे नव्हते.

मतांच्या बहुमताची अपेक्षा धरणारी निवडणूकही आपल्याकडे होते. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधर मतदारसंघांच्या आणि ७ शिक्षक मतदारसंघांच्या आहेत. तेथे मतदार उमेदवारांना १, २, ३ असा 'पसंतीक्रम' देतो. जागा एक असेल, तर वैध मतांच्या निम्मे अधिक एक इतका 'कोटा' ठरतो. समजा, १०० वैध मतांपैकी पहिल्या पसंतीची ४२ 'क'ला, ३५ 'ख'ला आणि २३ 'ग'ला मिळाली. विधानसभेच्या पद्धतीने 'क' ७ मतांच्या मताधिक्याने निवडून आला असता. येथे कोटा ५१ चा असल्याने तो कोणीच गाठलेला नाही. म्हणून सर्वांत कमी मतांचा 'ग' बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवरील दुसरी पसंती मोजली जाते. त्यांतील १७ 'ख'कडे व ४ 'क'कडे गेल्या आणि २ मतपत्रिकांवर दुसरी पसंतीच नव्हती, तर 'ख' ५२ वर पोहोचून विजयी होतो. मते तीच, मतदार तेच, निकाल उलटा!

या मतपत्रिकेवर अंकच लिहावा लागतो. देवनागरी अंक चालतो. 'एक' असे अक्षरी लिहिलेले किंवा बरोबरची खूण केलेली चालत नाही. १ हा अंक कोणापुढेच नसेल किंवा एकाहून अधिक नावांपुढे असेल, तर मत 'अवैध' ठरते. पदवी संपादन केलेल्या मतदारांची मते अशा साध्या कारणांनी बाद व्हावीत, ही भाषेच्या अध्यापकाला तरी खेदाची गोष्ट वाटते. सूचना वाचणे हाही भाषिक कौशल्याचाच भाग आहे.

आता 'मतदार' या शब्दाकडे परत येऊ. त्या मतदारसंघात राहणारी आणि पदवी मिळून किमान तीन वर्षे झालेली व्यक्ती पदवीधर मतदारसंघात नोंदणीस पात्र असते. विधानसभेच्या यादीतील नाव येथे उपयोगी पडत नाही. पदवीधरांची यादी दर निवडणुकीपूर्वी नव्याने तयार होते आणि त्यासाठी नमुना १८ मध्ये प्रत्येक वेळी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. पदवी हाती असूनही ज्याने तो अर्ज केला नाही, तो पदवीधर असतो. त्या मतदारसंघाचा मतदार नसतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. वरील उदाहरणात 'ग'च्या मतपत्रिकांपैकी ९ वर 'क'ला आणि १४ वर 'ख'ला दुसरी पसंती असती, तर कोण निवडून आले असते? मोजणी करून दाखवा.

२. कोणत्याही निवडणुकीच्या निकालाची वृत्तपत्रातील एक बातमी घ्या. तीत 'बहुमत' हा शब्द कोठे जागांसाठी, कोठे मतांसाठी आणि कोठे 'मताधिक्या'ऐवजी आला आहे, ते नोंदवा.