युरोपची तयारी आठवीत सुरू होते

बारावीचा निकाल लागला की जळगाव-धुळ्याच्या पालकांचा एक प्रश्न हमखास येतो: ‘जर्मनीत शिक्षण फुकट असतं म्हणे, आमच्या मुलाला पाठवता येईल का?’ प्रश्न चुकीचा नाही, वेळ चुकलेली असते. मुलगा अठरा वर्षांचा झालेला असतो, जर्मनचं एक अक्षर कानावर पडलेलं नसतं आणि शहरातल्या कुठल्याशा ऑफिसात ‘सहा महिन्यांत बी-वन करून देतो’ असं सांगून कुणीतरी फीचा पहिला हप्ता घेतलेला असतो.

थोडं गणित करू. शून्यापासून बी-वन, म्हणजे भाषेची मधली पातळी, गाठायला 45 मिनिटांच्या साधारण 350 ते 650 तासिका लागतात, असा या परीक्षा घेणाऱ्या खुद्द गोएथे इन्स्टिट्यूटचा अंदाज आहे. सर्वसाधारण मुलासाठी वरचा आकडा धरावा. सहा महिन्यांत तो बसवायचा तर आठवड्याला पंचवीस तासिका होतात, त्याही नीट-जेईईच्या क्लासमधून थकून बाहेर पडल्यावर. हेच काम आठवी ते बारावी अशा पाच वर्षांत विभागलं तर आठवड्याला अडीच-तीन तासिका पुरतात. शनिवार-रविवारची एकेक सकाळ. म्हणून माझा आग्रह असा की, युरोपात शिकायला जायचं की नाही हे बारावीनंतर ठरवा, पण युरोपची एक भाषा आठवीत धरा. पुढे जायचं नाही असं ठरलं तरी या शिक्षणातलं काही वाया जात नाही.

‘आमच्या खेड्यावरच्या मुलाला हे जमेल का?’ हा पुढचा प्रश्न, आणि तो ऐकला की वाईट वाटतं. साक्रीचं पोरगं घरी अहिराणी किंवा कोकणी बोलतं, शिरपूरच्या डोंगराकडचं पावरी बोलतं, यावल-रावेरकडचं लेवा बोली बोलतं. शाळेत तेच पोरगं प्रमाण मराठीत उत्तर लिहितं, हिंदी सहज समजतं आणि इंग्रजीचा पेपर देतं. दारात ‘कथा चालना रे?’ आणि वर्गात ‘कुठे निघालास?’ हा बदल ते विचार न करता करतं. एका भाषेतून दुसरीत जाण्याची सवय त्याला पहिलीपासूनच आहे. शहरातल्या एकभाषी घरातल्या मुलाला ती मुद्दाम लावून घ्यावी लागते. आपण मात्र बोलीची लाज वाटायला लावून ही कमाई मुलाकडून काढून घेतो.

जर्मनच्या पहिल्या पायरीची, म्हणजे ए-वनची तोंडी परीक्षा कशी असते पाहा. तीन-चार उमेदवार परीक्षकांसमोर बसतात. समोरच्या कागदावर काही शब्द असतात: नाव, वय, देश, राहण्याचं ठिकाण, भाषा, व्यवसाय, छंद. त्यांच्या आधारे स्वतःची ओळख करून द्यायची. मग परीक्षक एखाद्या शब्दाची अक्षरं सुटी करून सांगायला लावतात. ‘अमळनेर’ किंवा ‘दोंडाईचा’ जर्मन मुळाक्षरांत सांगताना आधी तारांबळ उडते, सरावाने जमतं. फोन नंबरसारखा एखादा आकडा विचारतात. त्यानंतर चिठ्ठ्यांवरच्या विषयांवर एकमेकांना प्रश्न विचारायचे, चित्र पाहून काहीतरी मागायचं आणि उत्तर द्यायचं. पंधरा मिनिटांत सगळं आटोपतं. शंभरपैकी साठ गुण मिळाले की उत्तीर्ण. लहान मुलांसाठी ‘फिट इन डॉइच’ नावाची याच पातळीची वेगळी परीक्षा आहे. ‘भाषा’ या शब्दापाशी आलेल्या मुलाने मराठी, हिंदी, इंग्रजी म्हणून थांबू नये. अहिराणीही सांगावी.

भाषा कोणती घ्यावी यावर घराघरांत उगाच वाद होतात. नर्सिंग, यंत्रकाम, विद्युतकाम, अभियांत्रिकीकडे ओढा असेल तर जर्मन. कला, पर्यटन, विज्ञान संशोधन किंवा पश्चिम आफ्रिकेतल्या व्यापाराकडे लक्ष असेल तर फ्रेंच. घरी केळीची बाग असेल आणि मुलगी शेतमालाच्या निर्यातीत उतरू पाहत असेल तर स्पॅनिशचा विचार जरूर करावा. केळी निर्यातीत जगात पहिला असलेल्या इक्वेडोरची भाषा स्पॅनिश आहे. पण दरवर्षी भाषा बदलू नका. एका भाषेत बी-टू गाठलेल्या मुलाला काम मिळतं. तीन भाषांत नुसता नमस्कार येणाऱ्याला कुणी विचारत नाही.

जळगाव-धुळ्यात चांगला शिक्षक मिळेलच असं नाही, ही अडचण खरी आहे. पुण्यात मॅक्स म्युलर भवन, म्हणजे गोएथेचंच केंद्र, आहे, अलियाँस फ्राँसेझ आहे, विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधला परकीय भाषा विभाग आहे. आपल्याकडे त्या तोडीचं काही नाही. तरी सुरुवात घरून होते. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा ‘निकोस वेग’ हा व्हिडिओ अभ्यासक्रम ए-वनपासून बी-वनपर्यंत पूर्ण मोफत आहे. एक तरुण जर्मनीत उतरतो, त्याची बॅग हरवते आणि तिथून गोष्ट पुढे सरकते. मोबाईलवर मुलं ती आवडीने पाहतात. फ्रेंचसाठी टीव्ही-फाइव्ह माँद या वाहिनीचे धडे असेच मोफत आहेत. गोएथेचे ऑनलाइन वर्गही असतात, त्यांना मात्र फी पडते. परीक्षेपुरतं महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला जावं. बी-वनच्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार स्वतंत्र भाग आहेत. एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. त्यामुळे ‘नापास झाला तर?’ या भीतीने मुलाला अडवू नका.

आता ज्यामुळे हा विषय एकदम घराघरांत पोहोचला त्याबद्दल. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुणांचं उद्दिष्ट जाहीर झालं. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक अशी कामं त्यात होती. पुढे ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याची घोषणा केली. तिकडे म्हातारी माणसं वाढली आहेत, काम करणारे हात कमी पडत आहेत. गरज खरी आहे. पण करार झाला म्हणून मुलाच्या हातात तिकीट येत नाही. परिचारिका म्हणून तिथे पूर्ण मान्यता मिळायला साधारण बी-टू पातळीचं जर्मन लागतं. रुग्ण काय म्हणतो आहे हे कळलंच नाही तर सुई टोचणार कशी? सगळं येऊन भाषेपाशी थांबतं.

आयटीआयच्या मुलांनी ‘आउसबिल्डुंग’ची माहिती घ्यावी. आठवड्यातले काही दिवस कारखान्यात किंवा रुग्णालयात काम, काही दिवस व्यवसाय-शाळा, असं साधारण तीन ते साडेतीन वर्षांचं शिक्षण असतं आणि दरमहा वेतन मिळतं. 2025 साली पहिल्या वर्षासाठी किमान वेतन महिना 682 युरो होतं. त्यातून घरी पैसे पाठवता येतील अशी अपेक्षा ठेवू नये. बऱ्याचदा खर्चही जेमतेम भागतो. मात्र हाती येणारं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं.

एवढं सगळं भाषेचं आणि कामाचं झालं. पण मला सर्वांत जास्त जीव ओतून सांगायचं आहे ते शालेय विद्यार्थी-देवाणघेवाणीबद्दल, कारण आपल्याकडे त्याची वाट उघडी असून कुणी विचारत नाही. रोटरीचा युथ एक्स्चेंज कार्यक्रम 15 ते 19 वयाच्या मुलांसाठी आहे. जळगाव-धुळ्याचे रोटरी क्लब नाशिक-नागपूरसह डिस्ट्रिक्ट 3030 मध्ये येतात. हा कार्यक्रम डिस्ट्रिक्टच्या पातळीवर चालतो, म्हणून क्लबच्या अध्यक्षांना भेटून यंदा अर्ज कधी घेणार ते विचारा. घरात कुणी रोटरीचा सभासद असायलाच हवा असं नाही. दोन प्रकार असतात. एकात मूल काही दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत जातं, दुसऱ्यात पूर्ण शालेय वर्ष तिथल्या शाळेत काढतं. विमानभाडं, विमा, व्हिसा, वरखर्च आपला. राहणं, जेवण आणि शाळेची सोय तिकडचे लोक करतात.

पूर्ण वर्षाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दहावीनंतर ज्या मुलाला नीट-जेईई द्यायची आहे त्याच्यासाठी ते नाही. अकरावीचं वर्ष मागे पडू शकतं, त्यामुळे आपल्या कनिष्ठ महाविद्यालयाशी आधी लेखी बोलणं झालेलं बरं. कला, वाणिज्य, भाषा, डिझाइनकडे जाणाऱ्या मुलासाठी हेच वर्ष सोन्याचं आहे. बाकी सगळ्यांनी सुट्टीतला छोटा कार्यक्रम पाहावा.

आणि मुलीच्या आईबाबांना खास सांगणं. तुमची मुलगी तिकडे वसतिगृहात एकटी नसते, एका कुटुंबात राहते. त्या घराची आधी तपासणी होते, स्थानिक क्लबमधली एक ठरलेली व्यक्ती तिच्या संपर्कात असते. अर्जात आहाराबद्दल लिहायला जागा असते. तिथे ‘शाकाहारी, अंडीही नाही’ असं संकोच न करता लिहा. जाण्यापूर्वी त्या घरच्या बाईंशी व्हिडिओवर दोन-तीनदा बोला. भाषा अडली तर मुलगी दुभाषी होईल, आणि तोच तिचा पहिला सराव.

पण देवाणघेवाण म्हटलं की द्यायचंही असतं. तिकडचं मूल आपल्या घरी ठेवून घ्यायची तयारी हवी, आणि इथे आपली माणसं कचरतात: ‘आमचं घर साधं, इंग्रजी येत नाही, त्याला काय आवडणार?’ मी सांगतो, हिवाळ्यात बोलवा. डिसेंबर-जानेवारीत जळगावच्या मळ्यात पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात असतात, सोबत कळण्याची भाकरी असते. फ्रान्समधल्या लियाँच्या एखाद्या सोळा वर्षांच्या मुलाला वांगी सोलायला बसवा, ओट्यावर ठेचू द्या, हात भाजू द्या थोडा. मे महिन्यात मात्र बोलवू नका, पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो आणि पाहुणा अंथरूण धरेल. तुमचा मुलगा त्याच्याशी पंधरा दिवस बोलेल, भांडेल, क्रिकेटचे नियम समजावेल. दोन वर्षांच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासने झालं नसतं ते त्या पंधरा दिवसांत होतं. आणि परदेश म्हणजे आकाशातली जागा ही भावना कायमची जाते.

हा विचार खान्देशाला परका नाही. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये 1924 ते 1930 शिक्षक होते. पुढे त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ते तमिळ शिकले आणि माणसांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांच्या घरी जावं, हे स्वप्न त्यांनी आंतरभारतीच्या रूपाने मांडलं. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनीच लिहून घेतली. त्या विनोबांनी तर शाळेत फ्रेंच घेतली होती आणि पुढे कितीतरी भारतीय भाषा शिकल्या. गुरुजींनी प्रांतांपुरतं पाहिलेलं आपण देशांपर्यंत न्यायचं, एवढंच.

शाळांनी विमानाशिवायही बरंच करावं. साक्री तालुक्यात पांझरा-कान नद्यांवरची फड पद्धती पाहा. बंधारा, पाट, पाण्याच्या पाळ्या, पाटकरी, सगळं गावाने शतकानुशतकं स्वतः सांभाळलं. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात शेतकऱ्यांचं पाणी न्यायालय आजही दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दाराशी भरतं. युनेस्कोने 2009 मध्ये त्याची वारसा म्हणून नोंद केली. धुळ्याच्या नववीच्या वर्गाने फडावर चार पानं लिहावीत, छायाचित्रं काढावीत आणि तिकडच्या एखाद्या शाळेला पाठवावीत. दोन्हीकडची मुलं पाण्याच्या पाळीवर बोलू लागली की स्पॅनिश शिकायला वेगळं कारण द्यावं लागणार नाही. भुसावळच्या शाळांना इंग्रज चित्रकार रॉबर्ट गिल आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती काढण्यात त्याने उमेदीची वर्षं घालवली. त्यांतल्या बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. 1879 मध्ये तो वारला, त्याची कबर भुसावळला आहे. एखाद्या इंग्लिश शाळेबरोबर मिळून त्याच्यावर काम करायला याहून सोयीचं गाव कोणतं? आणि अजिंठ्याला येणारे काही परदेशी पाहुणे जळगाव स्टेशनावरूनही जातात. फ्रेंच किंवा जर्मन बोलणारा परवानाधारक गाइड इंग्रजीवाल्यापेक्षा जास्त कमावतो, हेही मुलांना सांगावं.

पैशांचं थोडक्यात. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, पण करार केलेलं तेच बाडेन-व्युर्टेमबर्ग युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून 2017 पासून सत्राला 1,500 युरो घेतं. शिवाय व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो, म्हणजे साधारण बारा लाख रुपये, बंद खात्यात दाखवावे लागतात. ते तुमचेच असतात, दरमहा 992 युरो काढता येतात, पण आधी उभे करावे लागतात. पदवीचे अभ्यासक्रम बहुतेक जर्मनमधून, मास्टर्सचे अनेक इंग्रजीतून. म्हणून बऱ्याच घरांसाठी पदवी जळगावला, धुळ्याला किंवा शिरपूरला करून मास्टर्सला जाणं शहाणपणाचं. त्या टप्प्यावर युरोपीय संघाची इरास्मस मुंडस शिष्यवृत्ती आहे. फी माफ, महिना 1,400 युरो, दोन वर्षांत दोन-तीन देशांत शिक्षण. बहुतेक अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीत भरावे लागतात आणि त्यांना एजंट लागत नाही.

एजंटकडे जायचंच असेल तर तीन गोष्टी लेखी घ्या: विद्यापीठ सरकारी की खासगी, पूर्ण अभ्यासक्रमाची फी किती, प्रवेश नाकारला गेला तर पैसे किती दिवसांत परत. यातल्या एकाचंही उत्तर ‘बघू नंतर’ असं आलं तर तिथून उठा आणि मुलासोबत थेट विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अर्जाची पानं वाचायला बसा.